हवेचं पाऊल

परवा हार्वर्डच्या प्रयोगशाळेतला एक जुना व्हिडिओ बघत होतो, २०११ सालचा. पांढरट, लिबलिबीत रबराचा चार पायांचा एक जीव काचेच्या पट्टीपर्यंत हळूहळू येतो, अंग चपटं करतो आणि खालून सरपटत पलीकडे जातो. ना हाड, ना सांधा, ना मोटर. बघता बघता आत्याची आठवण झाली.

आत्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी असायची. लहानपणीच पोलिओनं तिचा उजवा पाय गेला. त्यावर कॅलिपर : दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली पक्का जोडलेला बूट. गुडघा ताठ राहावा म्हणून एक खटका. बसताना तो सोडायचा, उठताना लावायचा. ‘खट्’ झालं की आत्या निघाली, हे आम्हा पोरांना न बघता कळायचं. कोल्हापुरात जन्म काढून तिनं कोल्हापुरी चप्पल कधी घातली नाही. बूट सुटणार कसा?

त्या रबरी जिवाचा इतिहास शोधत मागे गेलो, तर तिथेही पोलिओच भेटला! जोसेफ मॅककिबेन हे अमेरिकेतले अणुशास्त्रज्ञ. १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीत शेवटच्या सेकंदांचं यंत्र सुरू करणारे म्हणे हेच. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला, हात लुळे पडले. तिची बोटं हलावीत म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी एक स्नायू केला. रबरी नळी, वर तिरक्या विणीची जाळी. हवा भरली की नळी फुगते, पण जाळीमुळे लांबीला आखडते, आणि आखडताना ओढते. आपला दंडही तेच करतो की.

हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या (हे मूळचे रसायनवाले!) गटानं जाळीही काढून टाकली. पाय वरून ताणणारा, खालून न ताणणारा. आत हवा गेली की तो एका बाजूनं भाजलेल्या पापडासारखा वळतो. चार पाय आणि मधलं अंग मिळून पाच कप्पे, मागून आलेल्या बारीक नळ्या. चालणं म्हणजे एवढंच, की हवा कुठल्या कप्प्यात आधी सोडायची आणि कुठल्या कप्प्यातून कधी काढायची. क्रम बदलला की चाल बदलली. प्रत्येक सांध्याचा हिशेब मांडायला सांधेच नाहीत, बाकीचं ते मऊ अंग आपलं आपण निभावतं. आत्याच्या पायाचं नेमकं उलटं होतं. तिथे लोखंड ठरवायचं आणि अंगानं मुकाट जुळवून घ्यायचं.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचारासाठी कापडी पोशाखाला परवानगी मिळाली. कमरेला मोटर, तिथून सायकलच्या ब्रेकसारख्या तारा, त्या घोटा ओढतात. खाली साधा बूट चालतो.

भारतातला रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला तोही २०११ च्याच जानेवारीत, हावड्याला. आत्या त्याच्या दोन वर्षं आधी गेली.

कॅलिपर माळ्यावर होतं, ते काल खाली काढलं. चामडं वाळून लाकूड झालंय. खटका मात्र अजून लागतो. आई आतून म्हणाली, “कोण उठलं रे?”