खानसामा, बटलर, पोऱ्या

मागच्या वर्षी मे अखेरीस काजवे बघायला आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. रात्री शेंडी गावातल्या एका छोट्या हॉटेलात जेवायला बसलो. गर्दी बेसुमार, आणि वाढायला एकच मुलगा. तोच पाणी आणतो, तोच ऑर्डर घेतो, तोच टेबल पुसतो. माझा मुलगा भुकेने वैतागून ओरडला, "ए वेटर!"

अम्मी त्याला हळूच म्हणाली, "आवाज नीचे रख. तेरे दादा के दादा बी येइच काम करते थे. येइच धरन पे."

आमच्या घरात ही गोष्ट सहसा निघत नाही. अब्बा होते तोवर तर नाहीच. लग्नाची बोलणी चालली असताना कुणी खानदानाचं विचारलं, तर अब्बा "आमचे दादा सरकारी नोकरीत होते," एवढंच सांगून विषय बदलायचे. गावात मात्र जुनी माणसं आमच्या घराला अजूनही 'बटलरचं घर' म्हणतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. त्या रात्रीपासून मी या नावांच्या मागे लागलो.

प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून सरकारी कागदावर ते विल्सन डॅम. सोळा वर्षं अकोल्याच्या या धुवाधार पावसात साहेबलोक राहिले, आणि साहेब आले म्हणजे त्यांच्या मेजावर वाढणारी माणसंही आलीच. आमचे परदादा त्यातले एक.

बंगाल इलाख्यात असते तर ते 'खानसामा' झाले असते. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात ही वाटणी स्पष्ट आहे. बंगालमध्ये जेवणाच्या मेजावरचा मुख्य नोकर म्हणजे खानसामा, आणि तो मुसलमानच असायचा. त्याच्या हाताखाली खिदमतगार. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत त्याच मुख्य नोकराला बटलर म्हणत. बटलर हा शब्द मुळात फ्रेंच, अर्थ बाटल्या सांभाळणारा. ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, त्याला गावाने 'बाटलीवाला' हीच पदवी देऊन टाकली होती!

खानसाम्याची गोष्ट याहून मोठी आहे. फारसी 'खान-ए-सामान' म्हणजे मुघल दरबारातला एक बडा अधिकारी. बादशाही महालाचा सगळा सरंजाम आणि कारखाने त्याच्या ताब्यात असत. शाहजहानचा नामांकित वजीर सादुल्लाखान वजिरी मिळण्याआधी याच पदावर होता. स्वयंपाकघराचा कारभार मीर बकावलाकडे असे. अकबराच्या काळात ते काम हकीम हुमाम या विद्वान माणसाकडे होतं. 'आईन-ए-अकबरी'त वर्णन आहे, की सोन्याचांदीची भांडी लाल कापडात आणि तांब्याची, चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधून त्यावर बकावलाची मोहोर लागायची. सोबत पदार्थांची यादी जायची, म्हणजे वाटेत कुणी काही बदलू नये.

आपल्याकडेही हे शब्द परके नव्हते. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत मुदबखखाना, शरबतखाना, आबदारखाना आहेत. मुदबख म्हणजे अरबी 'मतबख', स्वयंपाकघर. मराठीने त्याचा मुदपाकखाना केला आणि तो इतका आपलासा केला, की आज कुणाला त्यात अरबी ऐकू येत नाही. आबदार म्हणजे पाण्याची व्यवस्था पाहणारा. कंपनीच्या काळात तोच आबदार साहेबासाठी सोऱ्याने पाणी गार करू लागला. मशालची तर मशाल धरून पुढे चालणारा माणूस, तो बंगल्याच्या मागच्या दारी भांडी घासायला बसला. पालखी वाहणाऱ्याला बेअरर म्हणत, तो पुढे ट्रे वाहू लागला. आणि दरबारातला खान-ए-सामान डाकबंगल्यात कोंबडी कापायला लागला.

मुसलमान पिढ्यान् पिढ्या याच कामात का, याला कुणी हातची चव हे कारण देतं. मला ते अर्धंच पटतं. साहेबाच्या ताटात गोमांस असे, आणि त्याचं उष्टं उचलायला सवर्ण हिंदू तयार नसत. मग मुंबई इलाख्यात हे काम गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे, मुसलमानांकडे आणि दलितांकडे आलं. विटाळाच्या हिशोबाने झालेली ही नोकरभरती.

पण त्या नोकरीतून काय निघू शकतं, हे शिवराम जानबा कांबळे यांच्याकडे बघून कळतं. पुण्याच्या लष्कर भागात मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. त्याच माणसाने १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढलं, आणि १९१० साली महारांना फौजेत घ्यावं म्हणून थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. अब्बांना हे ठाऊक असतं तर त्यांनी विषय बदलला असता का, कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतर खानसामा सरकारी विश्रामगृहांतून टिकला, आता तो कुठल्याही जातिधर्माचा असतो. इराण्याच्या हॉटेलातला, दुकानादुकानांत चहा पोचवणारा 'बाहेरवाला' जवळपास दिसेनासा झाला. भांडी घासणारा 'मोरीवाला' झाला. आणि सगळ्यांच्या खाली 'पोऱ्या', ज्याला नावच नसे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर कामाला ठेवायला कायद्याने बंदी आली. पोऱ्या वयाने कायदेशीर झाला, पण हाक तीच राहिली.

शेंडीचा तो मुलगा विशीचा असेल, जवळच्याच वाडीतला. बिल आणलं तेव्हा अम्मीने त्याला विचारलं, "बेटा, इथं तुला काय म्हणतात?"

"कोण काय, कोण काय. शेठ गावाला गेले की मॅनेजर," तो हसला. मग माझ्या मुलाने उठून आमची ताटं एकावर एक रचायला घेतली, तेव्हा मात्र तो घाईने म्हणाला, "राहू द्या दादा, सांडाल," आणि सहाही ताटं एका हातावर घेऊन आत गेला.