बालयकृत् सूत्रण रोग, भारतीय

मुख्यतः एक ते तीन वर्षांच्या बालकांना होणारा यकृताचा घातक विकार. यात यकृत् कोशिकांचा नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक तयार होते. १८८७ मध्ये सेन यांनी कलकत्ता येथून या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रारंभी मूल किरकिरे होते, पोट फुगते आणि बरगड्यांखाली टणक, धारदार कडेचे यकृत् हाताला लागते. कावीळ व जलोदर उशिरा दिसतात. ती दिसू लागल्यावर बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एकाच घरातील भावंडे पाठोपाठ जात, त्यामुळे रोग केवळ आनुवंशिक असावा, असा समज होता.

१९७८ मध्ये ऑर्सीन या रंजकद्रव्याच्या साहाय्याने यकृताच्या छेदांत तांबेयुक्त प्रथिनाचे भरड कण दाखविण्यात आले. पण तांबे हे कारण की परिणाम? जादा तांबे शरीराबाहेर पडते ते पित्तावाटे. म्हणून पित्तप्रवाह कोणत्याही कारणाने अडला, तरी ते यकृतात साचते. या रोगात मात्र कावीळ होण्यापूर्वीच साठा प्रचंड असतो. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते, रुग्णांत अनेकदा ८०० हून अधिक. विल्सन रोगात रक्तातील सेरुलोप्लाझ्मीन बहुधा घटते, येथे घटत नाही. निदानात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत रुग्णांच्या आहाराचा इतिहास तपासला. या बालकांना लहानपणीच वरचे दूध सुरू झालेले होते व ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविले वा साठविले जात होते, असे त्यांनी १९८३ मध्ये मांडले. दुधातील केसीन तांबे धरून ठेवते. भांड्याला कल्हई नसेल, तर ते थेट अर्भकाच्या पोटात जाते. बाळाचे दूध मायेने वेगळ्या भांड्यात ठेवण्याची चांगली रीतच अशा रीतीने घातक ठरली.

याच गटाने १९८७ मध्ये पेनिसिलामीन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाचे अनुभव प्रसिद्ध केले. कावीळ नसताना उपचार मिळालेली काही मुले वाचली. कावीळ वाढलेल्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ऑस्ट्रियातील टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात असाच रोग आढळला होता व तेथेही कल्हई नसलेल्या भांड्यांतील गाईचे दूध कारणीभूत होते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तसेच दूध पिणारी सर्वच मुले आजारी पडत नसल्याने जन्मजात प्रवृत्तीचाही वाटा असावा.

भारतात १९९० नंतर हा रोग दुर्मीळ झाला. त्याचे श्रेय वैद्यकाइतकेच, किंबहुना अधिक, घरोघरी आलेल्या स्टीलच्या भांड्यांना द्यावे लागते.