मुलांचे रक्त काढताना : वेदना आणि भीती कमी करण्याच्या पद्धती

नवी दिल्ली : दोघा-तिघांनी हातपाय दाबून धरायचे, मूल किंचाळू लागले की 'झाले, झाले' म्हणत काम उरकायचे, हे रक्त संकलन केंद्रातील परिचित दृश्य आहे. सुईचे काम मिनिटभरात संपते. त्याची आठवण मात्र पुढच्या तपासणीपर्यंत टिकते आणि ती तपासणी आणखी अवघड करून ठेवते. तापाच्या निदानासाठी एखाद्या वेळी रक्त देणाऱ्या मुलाला हा त्रास थोडक्यात निभावतो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला मात्र साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्याआधी रक्त जुळवून पाहण्यासाठी नमुना द्यावा लागतो. अशा मुलांच्या बाबतीत पहिल्या काही वेळा रक्त कसे काढले गेले, यावर पुढील अनेक वर्षांच्या उपचारांची सुकरता अवलंबून असते.

नवजात बालकाला वेदना जाणवतच नाहीत, असा समज वैद्यकशास्त्रात बराच काळ होता. तो मोडून काढण्यात इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचा मोठा वाटा आहे. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा अभ्यास केला. पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या बालकांच्या शरीरावरील ताण कमी राहतो आणि गुंतागुंतही कमी होते, असे १९८७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. रक्त काढण्यासारख्या किरकोळ मानल्या जाणाऱ्या प्रक्रियांतील वेदनेकडे लक्ष गेले ते त्यानंतरच्या काळात.

नवजात बालकांसाठीचे उपाय आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. रक्त काढताना आई अंगावर पाजत असेल, तर बाळाचे रडणे लक्षणीयरीत्या कमी होते. आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवल्यानेही लाभ होतो. ते शक्य नसेल तेथे टोचण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे साखरेच्या निर्जंतुक द्रावणाचे काही थेंब जिभेवर दिले जातात. हे काम रुग्णालयातच व्हावे, घरी साखरपाणी देऊ नये. अनुभवी हात उपलब्ध असल्यास टाचेला टोचण्यापेक्षा शिरेतून रक्त घेणे नवजात बालकाला कमी वेदनादायक ठरते, असा अभ्यासांचा निष्कर्ष आहे. टाच दाबून दाबून रक्त काढावे लागते आणि त्या दाबण्याचाही त्रास होतो, हे त्यामागचे एक कारण. पॅरासिटामॉलचा या वेदनेवर विशेष उपयोग होत नाही.

थोड्या मोठ्या मुलाला टेबलावर आडवे पाडून धरण्याऐवजी आई किंवा वडिलांच्या मांडीवर, छातीशी टेकवून बसवावे. पालकांचा एक हात मुलाभोवती मिठीसारखा असावा आणि रक्त घ्यायचा हात दुसऱ्या व्यक्तीने आधार देऊन स्थिर ठेवावा. आडवे पाडले की आपल्या हाती काहीच उरले नाही, या जाणिवेने मूल अधिक झगडते. जोरजोरात रडण्याने पांढऱ्या पेशींची संख्या तात्पुरती वाढू शकते, तर ओढाताणीत वा दाबून काढलेल्या नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्यास पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. मग नमुना पुन्हा घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा सुई.

लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे मिश्रण असलेले त्वचा बधिर करणारे मलम भारतात मिळते. ते शिरेवरील त्वचेवर जाडसर लावून वरून पारदर्शक पट्टी चिकटवतात व सुमारे एक तास ठेवतात. हा एक तासच अडचणीचा आहे, कारण गर्दीच्या केंद्रात तेवढा वेळ कोणाकडे नसतो. ठरलेल्या तपासणीला येणाऱ्या मुलाला मात्र घरून निघतानाच ते लावता येते. मलमाने शिरा काही वेळ आकसतात, त्यामुळे ते पुसल्यावर थोडे थांबणे सोयीचे. लहान बाळांत अधिक मात्रेमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा ओलांडू नये. टाचेला टोचताना या मलमाचा फारसा उपयोग होत नाही.

शब्दांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. 'काहीच होणार नाही' हे आश्वासन पुढच्याच क्षणी खोटे ठरते आणि मूल सांगणाऱ्यावरचा विश्वास गमावते. 'घाबरू नकोस', 'बिचारे माझे बाळ' अशा वाक्यांनी मुलाची अस्वस्थता कमी न होता वाढते, असेही संशोधनात आढळले आहे. त्याऐवजी 'जरा टोचल्यासारखे वाटेल, मग आपण हळूहळू फुंकर मारू' असे खरे आणि मोजके सांगावे. शाळकरी मुलाला कोणता हात द्यायचा, पाहायचे की मान वळवायची, हे ठरवू द्यावे. फुगे फुंकणे, गोष्ट, मोबाइलवरील चित्रफीत यांनी लक्ष दुसरीकडे जाते. फक्त हे सुई दिसण्याआधी सुरू व्हायला हवे. जेवत नाही म्हणून 'डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावीन' असा धाक घालणाऱ्या घरांत ही सारी मेहनत वाया जाते, हेही नमूद केले पाहिजे.

तंत्रज्ञांसाठी नियम थोडे आहेत. मुलाला साजेशी बारीक सुई वापरावी, सर्व तपासण्यांचे रक्त एकदाच घ्यावे आणि दोन प्रयत्नांत शीर न मिळाल्यास अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे. रक्ताचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. बाळाच्या शरीरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे तीन किलोच्या बाळात पाव लिटरच्या आसपास. प्रौढांसाठीच्या नळ्या भरत बसणे त्याला परवडणारे नाही. किशोरवयीन मुले रडत नाहीत, पण भोवळ येऊन पडतात. त्यांचे रक्त आडवे झोपवून घेतलेले बरे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यात गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांतील बालकेही येतात. प्राथमिक चाचणीला बोटाच्या टोकावरील रक्ताचे काही थेंब पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची टाच आणि त्याहून मोठ्या मुलाचे बोट टोचावे. बोट टोचताना पेराच्या मधोमध नव्हे, तर किंचित बाजूला टोचले जाते. हात आधी कोमट करून घेतल्यास रक्त सहज येते आणि बोट पिळावे लागत नाही.