जाहीरनाम्यातील पर्यावरण

निवडणुकीतील घोषणा हा मराठी गद्याचाच एक प्रकार आहे. मात्र मतदान आटोपले की तो कुणी वाचत नाही. पर्यावरणाच्या चळवळींनी महाराष्ट्रातील निवडणुकांवर कोणता ठसा उमटवला हे पाहायचे, तर या घोषणा पुन्हा वाचाव्या लागतात. समुद्रापासून दूर असलेल्या परभणीतून आम्ही हा विषय मांडतो आहोत, कारण या इतिहासातील सर्वांत गाजलेली घोषणा आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील नेत्याची होती.

गुहागर तालुक्यातील एनरॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. गावकऱ्यांची भीती जमीन, पाणी आणि मासेमारी यांच्याविषयी होती. शहरांतील टीकेचा रोख महाग वीज आणि कराराच्या गुप्ततेवर होता. १९९५ च्या विधानसभा प्रचारात गोपीनाथ मुंडे यांनी एनरॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. युती सत्तेवर आली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. पण दराची तक्रार वाटाघाटीत बसणारी होती, मासळीची नव्हती. १९९६ मध्ये वाढीव क्षमतेसह फेरकरार झाला आणि विरोध करणाऱ्या गावकऱ्यांच्या वाट्याला अटका आल्या. पुढे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तो थकबाकीच्या वादामुळे, चळवळीमुळे नव्हे.

नाणारची कथा याहून बोलकी आहे. राजापूर तालुक्यातील या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध गावे एकजुटीने उभी राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवसेना व भाजप यांची युती पुन्हा जुळली, तेव्हा प्रकल्प तेथून हलवणे हा तडजोडीचा भाग होता. लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारे आठवडाभर आधी भूसंपादन रद्द झाल्याची घोषणा झाली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातील बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणास विरोध करणारे ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले. वचन नाणारपुरते होते. कोकणच्या मातीविषयी नव्हते.

मुंबईतील आरेची गतही निराळी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, मतदानाला जेमतेम पंधरवडा उरला असता, तेथे दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. नोव्हेंबरात नव्या सरकारने कारशेडचे काम थांबवले. जुलै २०२२ मध्ये त्यानंतरच्या सरकारने ते पुन्हा आरेतच आणले.

येथे अमेरिकेचा दाखला उपयोगी पडतो. १९७० मध्ये तेथील पर्यावरणवाद्यांनी काँग्रेसच्या बारा सदस्यांची 'डर्टी डझन' यादी काढली. त्यांतील सात जण पराभूत झाले. सभागृहात कुणी कसे मत दिले, हा त्या यादीचा आधार होता. आपल्याकडे पक्षादेश असतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तो मोडल्यास सदस्यत्वच जाऊ शकते. त्यामुळे आमदार-खासदाराच्या वैयक्तिक मतदानाचा लेखाजोखा मांडता येत नाही. चळवळीच्या हाती उरते ते मतदानापूर्वीचे वचन. स्वतः उमेदवार होण्याचा मार्गही अवघड ठरला: २०१४ मध्ये ईशान्य मुंबईत मेधा पाटकर तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या.

म्हणून आम्हांस वाटते, चळवळींनी निवडणुकीकडून विजय नव्हे, तर अवधी मिळवला आहे. तो अवधी क्षुल्लक नाही. त्यात नाणारच्या बागा वाचल्या. पण तो टिकतो गावच्या संघटनेवर, नेत्याच्या शब्दावर नव्हे.

परभणीत तर तो शब्दही मागितला जात नाही. जायकवाडीचे पाणी हा आमच्याकडे प्रत्येक प्रचाराचा विषय असतो. मात्र तो अनुशेषाचा, नाशिक-नगरच्या धरणांकडून मिळायच्या वाट्याचा म्हणून. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आले, ही मोठीच प्राप्ती होय. तथापि वाटा मागताना ज्या गोदावरीतून तो मागायचा, तिचे पात्र, तिची वाळू, तिचे प्रदूषण यांविषयी उमेदवाराला प्रश्न विचारणारा आवाज क्षीण आहे. कोकणाने निदान वचन मिळवले आणि ते मोडताना पाहिले. आम्ही अजून प्रश्नच नीट मांडलेला नाही.