विकासवाडी
विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकाच आवारात सांगड घालणारी शिक्षणयोजना. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) कोसबाड येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ती विकसित केली. आदिवासी मूल शाळेत मागे पडते याचे कारण त्याच्या बुद्धीत नसून शाळा आणि त्याचे जीवन यांतील अंतरात आहे, ही या योजनेमागील मूळ धारणा होय.

ठाणे जिल्ह्यात हे अंतर विशेष ठळक होते. ठाणे (१८५३) व कल्याण (१८५४) ही गावे लोहमार्गाने मुंबईशी जोडली गेली आणि कालांतराने कल्याण-डोंबिवलीचा परिसर नोकरदार मध्यमवर्गाच्या वस्तीचा बनला. उलट जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगरपट्टीत वारली, कातकरी इ. जमाती जमीनदार व जंगल ठेकेदार यांच्या वेठीला जुंपलेल्या होत्या. या वेठीविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. त्याच वर्षी ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील श्रमिकांच्या वस्तीत निघाले होते. परंतु भारतात ही पद्धती मुख्यतः शहरांतील सुस्थित कुटुंबांपुरती राहिली. तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. बोर्डी येथे त्यांऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, बांबू व माती यांचा वापर करण्यात आला. गावाच्या मध्यवर्ती बालवाडीत जी मुले येत नसत, त्यांच्यासाठी त्यांच्याच वस्तीतील अंगणात वर्ग भरविले जात. त्यांना ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. मुलांची आंघोळ, नखे काढणे, गाणी व गोष्टी या सर्वांचा अंतर्भाव या वर्गांत होता.

१९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथे निराळी अडचण पुढे आली. मोठी मुले गुरे राखीत किंवा धाकट्या भावंडांना सांभाळीत. त्यामुळे ती शाळेत येत नसत. गुराखी मुलांसाठी कुरणावरच शिकविणारी ‘कुरणशाळा’ काढण्यात आली. भावंडांसाठी पाळणाघर व बालवाडी शाळेच्या शेजारीच ठेवल्याने थोरल्या बहिणीला शिकण्याची मोकळीक मिळाली. बालवाडीत रुळलेले मूल त्याच आवारात, परिचित माणसांच्या सहवासात पहिलीत जाई. त्यामुळे शिक्षणाच्या दोन टप्प्यांमधील खंड कमी झाला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर त्यांच्या पश्चात काम पुढे नेणाऱ्या अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी असे नाव मिळाले आणि ते देशभर रूढ झाले. पूरक आहार, लसीकरण व आरोग्य तपासणी यांमुळे अंगणवाडीचा लाभ लक्षावधी बालकांना झाला. मात्र विकासवाडीतील मुख्य तत्त्व, म्हणजे बालवाडी व प्राथमिक शाळा यांचा सांधा, या विस्तारात मागे पडले. महाराष्ट्रात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, तर प्राथमिक शाळा शिक्षण विभाग व स्थानिक संस्थांकडे राहिल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी ६ ते १४ वर्षे वयोगटालाच दिली.

शाळेने मुलाकडे जावे, ही कल्पना जिल्ह्यात पुढेही टिकून राहिली. वीटभट्ट्यांवर हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची तात्पुरती झोपडी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानण्यात आला आहे. बालवाडी व पहिली-दुसरी यांना जोडणारा हा विचार कोसबाड येथे त्यापूर्वी सु. साठ वर्षे प्रत्यक्षात आणला गेला होता. तथापि पाळणाघराची जोड नसेल, तर धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेबाहेरच राहण्याचा संभव असतो, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष अद्यापि महत्त्वाचा आहे.