चेटकाचं अर्थशास्त्र आणि तारापूरचं इंधन : रेगन यांच्या १९८० च्या आश्वासनांचा हिशेब

परवा आमच्या एका ग्रुपवर जुंपली. एकाने लिहिलं, रेगनने कर कमी केले, अमेरिका श्रीमंत झाली, रशिया कोसळला, विषय संपला. दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, रेगनने देश कर्जात बुडवला, विषय संपला. दोघंही वाचणारे, दोघंही माझ्या ओळखीचे. मी तिथे काही बोललो नाही, कारण दोन ओळींत सांगता येण्यासारखा हा विषय नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझा संबंध सांगतो. १९८० साली मी दहावीत होतो. घर बोईसरला. शेजारीपाजारी निम्मी मंडळी तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला. त्यामुळे अमेरिकेची निवडणूक आमच्या चाळीच्या ओट्यावर चर्चेला असायची. प्रश्न एकच, "तिकडून इंधन येणार का?" तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच द्यायचं, असा १९६३ चा करार. १९७४ ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ ला अमेरिकेने अणुप्रसाराविरुद्ध कडक कायदा केला, आणि तेव्हापासून प्रत्येक खेपेला रडकथा. सप्टेंबर १९८० मध्ये, ऐन प्रचारात, कार्टर सरकारने मंजूर केलेलं ३८ टन इंधन अमेरिकन संसदेत अडकलं. प्रतिनिधीगृहाने विरोधात मत दिलं. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी ते सुटलं. दोन मतं! ओट्यावरच्या काकांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले होते, हे मला अजून आठवतं.

तर मुद्दा असा, की तिकडचा उमेदवार काय बोलतो याचा इथल्या माणसाशी संबंध असतो. आता त्या उमेदवाराकडे वळू.

रोनाल्ड रेगन. एकेकाळचे सिनेनट, दोन वेळा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, वय ६९. त्यांचं आर्थिक आश्वासन तीन कलमांचं होतं. एक, प्राप्तिकर दरवर्षी १० टक्के असा तीन वर्षांत ३० टक्के कमी करणार. दोन, संरक्षणावरचा खर्च मोठ्या प्रमाणात वाढवणार. तीन, तरीही अंदाजपत्रकातली तूट भरून काढणार, आणि तीही १९८३ पर्यंत.

कोणत्याही घरातली बाई हे ऐकून विचारेल, "अहो, पगार कमी घेणार, गाडी मोठी घेणार, आणि कर्जही फेडणार? ते कसं?"

हाच प्रश्न रेगन यांच्या स्वतःच्या पक्षातल्यांनी विचारला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सगळ्यात बोचरी टीका विरोधकांची नव्हती, घरचीच होती. इलिनॉयचे जॉन अँडरसन हे रिपब्लिकन पक्षाचेच इच्छुक. कर कमी, संरक्षणखर्च जास्त आणि तूट शून्य हे एकाच वेळी कसं करायचं, यावर त्यांचं उत्तर होतं, सोपं आहे, आरशांनी करायचं. जादूगार करतो तसं. दुसरे जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश. १० एप्रिल १९८० ला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी या योजनेला 'वूडू' अर्थधोरण म्हटलं. वूडू म्हणजे आपल्या भाषेत चेटूक.

रेगन यांच्या बाजूने उत्तर काय होतं? अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर यांचा वक्ररेषेचा सिद्धांत. कर शून्य टक्के असेल तर सरकारला काही मिळणार नाही, आणि शंभर टक्के असेल तर कुणी कामच करणार नाही, म्हणून तेव्हाही काही मिळणार नाही. मधे कुठेतरी एक टोक आहे, त्याच्या पलीकडे कर गेला तर दर कमी केल्यावर वसुली उलट वाढते. तत्त्व म्हणून यात चूक नाही. प्रश्न एवढाच की अमेरिका तेव्हा त्या टोकाच्या अलीकडे होती की पलीकडे? ते कुणी मोजलं नव्हतं. गृहीत धरलं होतं.

आता दुसरी बाजू. मतदार काही खुळे नव्हते. १९८० साली अमेरिकेत महागाई १३.५ टक्के होती. प्राप्तिकराचे टप्पे महागाईप्रमाणे सरकत नव्हते. म्हणजे पगार महागाईपुरताच वाढायचा, त्यात दुधाची एक पिशवीही जास्त यायची नाही, पण माणूस वरच्या कराच्या टप्प्यात जाऊन बसायचा. न विचारता दरवर्षी करवाढ. सर्वात वरचा दर ७० टक्के. अशा माणसाला कुणी म्हणालं, तुझा कर कमी करतो, तर तो ऐकणारच. टीकाकारांचं गणित बरोबर होतं, पण त्या माणसाच्या दुखण्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. टीका हरते ती अनेकदा इथे.

परराष्ट्र धोरणातही तीच तऱ्हा. आवाज मोठा, हिशेब कच्चा.

तैवान घ्या. कार्टर यांनी १ जानेवारी १९७९ पासून चीनशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, तैवानशी अधिकृत संबंध संपवले. प्रचारात रेगन म्हणू लागले की तैवानशी पुन्हा सरकारी पातळीवर संबंध ठेवू. तोपर्यंत बुश उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले होते. हो, तेच चेटूकवाले बुश. ऑगस्टमध्ये त्यांना समजूत घालायला बीजिंगला पाठवलं. ते तिथे पूर्वी अमेरिकेचे प्रतिनिधी होते, तरी स्वागत थंडच झालं. परत आल्यावर रेगन यांना पत्रकार परिषद घेऊन सारवासारव करावी लागली. टीकाकारांनी विचारलं, सोव्हिएत युनियनला रोखायचं म्हणता आणि त्यासाठी जो चीन उपयोगी, त्यालाच डिवचता, हे धोरण आहे की सभेतली टाळी?

दुसरं उदाहरण धान्याचं. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर कार्टर यांनी जानेवारी १९८० मध्ये रशियाला जाणाऱ्या धान्यावर निर्बंध घातले. रशियाशी सर्वात कठोर वागू म्हणणाऱ्या रेगन यांनी प्रचारात याला विरोध केला. का? शेतकरी राज्यांतली मतं. निवडून आल्यावर एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी ते निर्बंध उठवलेसुद्धा.

आणि तिसरं आपल्या जवळचं. जानेवारी १९८० मध्ये पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाबद्दल विचारलं तेव्हा रेगन यांचं म्हणणं होतं, त्यात आपण पडण्याचं कारण नाही. या एका वाक्यावर त्या वेळी टीका झाली, पण ती भाववाढीच्या गदारोळात बुडाली. आपल्याला मात्र ते वाक्य महागात पडायचं होतं.

४ नोव्हेंबर १९८० ला निकाल लागला. ४४ राज्यं, ४८९ विरुद्ध ४९. टीकाकार भुईसपाट.

आता हिशेब करू.

ऑगस्ट १९८१ मध्ये करकपातीचा कायदा झाला. ३० ऐवजी साधारण २५ टक्के, टप्प्याटप्प्याने. वरचा दर ७० वरून ५० वर आला. आणि टप्पे पुढे महागाईशी जोडायचं ठरलं, ही त्यातली खरोखर चांगली गोष्ट. त्याच वर्षाच्या अखेरीस अंदाजपत्रकाचे प्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी एका मासिकाकडे कबुली दिली, की या आकड्यांचं नेमकं काय चाललंय हे आमच्यापैकी कुणालाच नीट कळत नव्हतं. ज्याच्या हातात वही, तोच हे सांगतो!

वसुली वाढली का? १९८२ च्या आर्थिक वर्षात ती सुमारे ६१,८०० कोटी डॉलर होती, १९८३ मध्ये सुमारे ६०,१०० कोटी. वाढली नाही, घटली. मधे मोठी मंदी होती हे खरं, त्यामुळे सगळा दोष करकपातीचा नाही. पण लाफर यांच्या भरवशावर जे सांगितलं होतं ते घडलं नाही, हे नक्की. संरक्षणखर्च १९८० मध्ये सुमारे १३,४०० कोटी डॉलर होता, १९८५ पर्यंत तो सुमारे २५,३०० कोटी झाला. आणि ज्या १९८३ साली तूट शून्य व्हायची होती, त्या वर्षी ती सुमारे २०,८०० कोटी डॉलर निघाली. कार्टर यांच्या १९८० च्या सुमारे ७,४०० कोटींच्या जवळजवळ तिप्पट. राष्ट्रीय कर्ज १९८१ अखेर १ लाख कोटी डॉलर ओलांडून गेलं, सप्टेंबर १९८८ ला ते सुमारे २ लाख ६० हजार कोटी होतं.

रेगन यांनाही हे दिसत होतं. सप्टेंबर १९८२ मध्ये त्यांनीच मोठ्या करवाढीवर सही केली. मग पेट्रोलवरचा कर वाढवला. १९८३ मध्ये पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या कराची वाढ झाली. आता नीट बघा, कपात झाली त्यात वरच्या दरवाल्यांना मोठा वाटा, आणि वाढ झाली ती पेट्रोल भरणाऱ्यावर आणि पगारदारावर. "कर कमी केले" या तीन शब्दांत हे बसत नाही.

परराष्ट्र धोरणाचं काय झालं? तैवानशी अधिकृत संबंध जोडले गेले नाहीत. उलट ऑगस्ट १९८२ मध्ये चीनबरोबरच्या निवेदनात तैवानला होणारी शस्त्रविक्री हळूहळू कमी करण्याचं मान्य केलं, आणि १९८४ मध्ये रेगन स्वतः चीनला जाऊन आले. पाकिस्तानला मात्र ३२० कोटी डॉलरची मदत आणि ४० एफ-१६ विमानं मिळाली. अणुकार्यक्रमाकडे काणाडोळा झाला. त्याची किंमत कुणी मोजली हे मी सांगायला नको.

आणि तारापूर? जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, तिथे तोडगा निघाला की अमेरिकेऐवजी इंधन फ्रान्स देईल. ओट्यावरच्या काकांनी या वेळी पेढे वाटले नाहीत. म्हणाले, "करार एकाने करायचा, पाळायचा दुसऱ्याने."

आता ग्रुपवरच्या पहिल्या मित्रासाठी. टीकाकार कुठे चुकले तेही सांगितलं पाहिजे. रेगन अणुयुद्ध पेटवतील, असं अनेकजण म्हणत होते. त्याच रेगन यांनी डिसेंबर १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला. महागाई १९८३ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास उतरली. त्याचं मोठं श्रेय कार्टर यांनी नेमलेल्या पॉल व्होल्कर यांच्या व्याजदरांना जातं, आणि त्यापायी १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. पण व्होल्कर यांना रेगन यांनी काम करू दिलं, हेही खरं. १९८४ ला अर्थव्यवस्था जोरात होती आणि लोकांनी त्यांना ४९ राज्यं दिली.

म्हणजे टीकाकार जिथे वही उघडून बोलले तिथे बरोबर निघाले. जिथे भीती दाखवून बोलले तिथे चुकले. माझ्या मते या सगळ्या कहाणीतून घ्यायचं ते एवढंच.

बुश यांची गंमत सांगून थांबतो. चेटूक म्हणणारे बुश आठ वर्षं त्याच सरकारात उपाध्यक्ष राहिले. १९८२ मध्ये तर म्हणाले की मी तो शब्द वापरलाच नव्हता, मग एका वाहिनीने टेपच काढून दाखवली. १९८८ ला स्वतः उमेदवार झाले तेव्हा सांगितलं, माझे ओठ वाचा, नवे कर नाहीत. १९९० ला तूट भागवायला कर वाढवावे लागले. १९९२ ला हरले. ज्याला हिशेब सर्वात आधी कळला होता, त्यानेच तो भरला.

असो. आपल्याकडे पुन्हा निवडणुकांचा मोसम आहे. घरपट्टी कमी, पाणीपट्टी कमी, रस्ते सगळे काँक्रीटचे, असं कुणी दारात येऊन सांगेल. त्याला हाकलू नका, नमस्कार करा आणि तीन गोष्टी विचारा. पैसे कुठून येणार? कुणाच्या खिशातून जाणार? आणि कोणत्या वर्षापर्यंत? रेगन यांनी निदान वर्ष तरी सांगितलं होतं, म्हणून आज आपण त्यांना पकडू शकतो.

पटलं तर सांगा. नाही पटलं तर आकड्यांसकट सांगा, मी दुरुस्त करीन.