फ्रॉयलाइन, सौ. आणि बाई

विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने शहागंजातल्या एका शाळेत गेले होते. कार्यालयात शिक्षकांच्या नावांचा फळा होता. पुरुषांच्या नावाआधी सरसकट 'श्री.', स्त्रियांच्या नावाआधी मात्र कु., सौ., श्रीमती अशी वर्गवारी. एका ठिकाणी 'सौ.' खरवडून 'श्रीमती' केले होते. त्या बाईंचे दुःख येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येत होते.

या वर्गवारीचा शिकवण्याशी काय संबंध? जर्मनीत एकेकाळी तो थेट होता.

जर्मन भाषेत विवाहितेला 'फ्राउ' आणि अविवाहितेला 'फ्रॉयलाइन' म्हणत. 'लाइन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय. तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपण 'ते लेकरू' म्हणतो, मालवणीत 'ते चेडू' म्हणतात, तसेच. पण लेकरू मोठे होते. फ्रॉयलाइन साठीची झाली तरी लग्नावाचून मोठी होत नसे. गंमत म्हणजे पूर्वी हा शब्द उमराव घराण्यातल्या मुलींसाठी राखीव, मानाचा होता.

1880च्या सुमारास जर्मनीत शिक्षिकांवर अविवाहित राहण्याची सक्ती आली. लग्न केले की नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. मुले शिक्षिकेला 'फ्रॉयलाइन' म्हणूनच हाक मारत. म्हणजे ते नुसते संबोधन नव्हते, नोकरीची अट होती. 1919च्या राज्यघटनेने ती काढली, पण 1923 साली विवाहित स्त्रियांना सरकारी नोकरीतून काढण्याची वाट पुन्हा मोकळी झाली. पश्चिम जर्मनीत ही सक्ती पुरती जायला 1950चे दशक उजाडले.

पदार्थवैज्ञानिक लीझ माइट्नर 1926 साली बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्या अविवाहित होत्या. पुढे दोनच वर्षांनी मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी इरावती कर्वे त्याच शहरात गेल्या, त्या विवाहित. एक फ्रॉयलाइन, दुसरी फ्राउ. त्यावरून कोणाच्या संशोधनाविषयी काय कळते? काहीच नाही.

अखेर 1972 साली पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने सरकारी कामकाजात प्रत्येक प्रौढ स्त्रीला 'फ्राउ'च म्हणावे, असे ठरवले.

आपल्या वर्गातल्या मुलांना असा आदेश लागलाच नाही. लग्न झालेले असो, नसो, नवरा असो, नसो, शिकवणारी ती 'बाई'. फळा पुन्हा रंगवायची वेळ आली, तर आधी वर्गात कान देऊन ऐकावे.